शहाण्या, आधी बघ तरी!

झाला का क्रम ठरवून? नाही ना? वाटलंच. बस इथे. आणि तो फोन पालथा ठेव. मी बोलत असताना त्यात डोकावलास तर खिडकीबाहेर फेकीन, सांगून ठेवतो.

'स्टार वॉर्स' बघायचं म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, पोरगं कुरोसावा पचवून आलंय, आता जरा धमालीकडे वळतंय, वळू दे. आणि तू काय केलंस? एक्सेलचा तक्ता! निळे रकाने, पिवळे रकाने. प्रकाशनाचं वर्ष, कथेतलं वर्ष, लांबी मिनिटांत. पुढे 'आवश्यक', 'ऐच्छिक', 'वगळला तरी चालेल'. वगळला तरी चालेल हे कोणी ठरवलं? तू? एकही न बघता? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

सरळ हिशेब कर. आकडे दिलेले मुख्य भाग नऊ. पहिला पडद्यावर आला १९७७ मध्ये, शेवटचा २०१९ मध्ये. सगळे मिळून वीस तासांच्या थोडे वर जातात. रात्री जेवणं उरकल्यावर रोज एक लावला असतास तर दहाव्या दिवशी मोकळा होतास. 'रोग वन' आणि 'सोलो' हे बाजूचे दोन धरलेस तर बाराव्या दिवशी. तक्त्यावर तू याहून जास्त वेळ घालवलायस. वर तोंड करून म्हणतोस, 'सर, बघायला वेळच मिळत नाही.' क्रम लावायला कुठून मिळतो रे?

घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलंय. तुलाही कळलंय, म्हणूनच मान खाली घातलीयस. तुला चित्रपट बघायचे नाहीयेत. तुला बघितलेल्यांत जमा व्हायचंय. चार लोक बसले की तिथे मत द्यायचंय, आणि मत देताना चूक निघायला नकोय. क्रम हा त्यावरचा उत्तम उतारा. क्रम ठरेपर्यंत बघायला नको, आणि क्रमावर बोलत राहिलं की बघितल्यासारखं वाटतं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, सांगू? तू मठ्ठ असतास तर मी एक शब्द बोललो नसतो. रसास्वादाच्या वर्गात कुरोसावाचा 'द हिडन फोर्ट्रेस' दाखवला तेव्हा टिपण कोणी लिहिलं होतं? तूच ना? १९५८ चा चित्रपट. राजकन्या, सेनापती, दडवलेलं सोनं, एवढी मोठी गोष्ट. आणि कुरोसावा ती सुरू करतो दोन भांडकुदळ, लोभी, पळपुट्या शेतकऱ्यांपासून. लढाई कुठली, कोण जिंकलं, राजकन्या कोणाची, काही सांगत नाही. तू लिहिलं होतंस की दिग्दर्शक आपल्याला मुद्दाम सगळ्यात कमी माहिती असलेल्या माणसांच्या सोबत सोडतो, म्हणून आपण डोळे फाडून बघतो. काय सुंदर लिहिलं होतंस! मी ते वर्गात वाचून दाखवलं होतं.

मग आता अक्कल कुठे गहाण टाकलीस? 'स्टार वॉर्स' बनवणाऱ्या लुकसने ती युक्ती तिथूनच उचलली, हे त्याने स्वतः सांगितलंय. १९७७ चा चित्रपट सुरू होतो तो दोन यंत्रमानवांच्या सोबतीने. एक लांबोडका सोनेरी, सतत कुरकुरणारा. एक बुटका, नुसता शिट्ट्या मारणारा. वाळवंटात दोघं भांडतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. कथेतले थोरामोठे कोण, कुठले, हे बराच वेळ आपल्याला धड कळत नाही. आणि तू म्हणतोस, 'मागचं माहीत नसताना समजेल का सर?' जपानी शेतकऱ्यांच्या वेळी समजलं होतं ना? तेव्हा कुठे मागितली होतीस पूर्वपीठिका?

'पण सर, आकडे आहेत ना. एकपासून सुरू करावं.' आकडे! मे १९७७ मध्ये अमेरिकेत हा चित्रपट लागला तेव्हा पहिल्या दिवशी बत्तीस थिएटरं होती आणि पडद्यावर नाव होतं नुसतं 'स्टार वॉर्स'. 'भाग चौथा' आणि 'अ न्यू होप' ही पाटी त्याला १९८१ च्या पुनःप्रदर्शनात चिकटवली. म्हणजे ज्या लोकांनी पहिल्यांदा बघून डोक्यावर घेतला, त्यांनी चौथा म्हणून बघितलाच नाही. पुढच्या चित्रपटाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट यांनी १९७८ मध्ये लिहिला. मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं गुपित त्या खर्ड्यात नाही. लिहिणाऱ्यांनाच जे तेव्हा ठाऊक नव्हतं, ते तुला आधीच कळलं पाहिजे असा हट्ट कशाला?

ते गुपित मी बोलणार नाही. तू कुठे ना कुठे ऐकलंच असशील, पण माझ्या तोंडून ऐकायचं नाहीस. एवढंच सांगतो की १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'च्या चित्रीकरणात काळ्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउझला म्हणायला खोटं वाक्य दिलं होतं. खरं वाक्य मार्क हॅमिलला शॉटच्या जरा आधी सांगितलं. आवाज नंतर जेम्स अर्ल जोन्सने दिला. सेटवर उभ्या असलेल्या माणसांपासून जे लपवून ठेवलं, ते तू स्वतःलाच आधी फोडून सांगणार! आकड्यांप्रमाणे बघितलंस तर दुसरं काय होणार आहे? १९९९, २००२ आणि २००५ चे तीन चित्रपट त्या गुपिताच्या उत्तरावरच उभे आहेत. उत्तर आधी वाचून मग कोडं सोडवायला बसणारा तू पहिलाच.

गुपिताचं सोड. एक छोटा प्रसंग घे. 'एम्पायर'मध्ये नायक ल्यूक एका दलदलीच्या ग्रहावर उतरतो. उतरतो कसला, आपटतो. विमान चिखलात. तो एका थोर गुरूला शोधायला आलाय. तंबू ठोकतो, डबा उघडतो, तेवढ्यात झाडीतून एक हिरवा, लांब कानांचा, काठी टेकणारा बुटका म्हातारा येतो. ल्यूक आधी पिस्तूल रोखतो. म्हातारा त्याच्या डब्यातलं खातो, तोंड वाकडं करतो, सामान उपसून फेकतो. मग एक छोटा दिवा पकडतो आणि सोडतच नाही. त्या बुटक्या यंत्रमानवाशी त्याची दिव्यावरून ओढाताण होते, काठीने त्याला बडवतो. पुढे झोपडीत नेतो, रस्सा शिजवतो. ल्यूक तिथे मावत नाही आणि वैतागून म्हणतो की माझा वेळ फुकट चाललाय, मला गुरूला भेटायचंय. आणि मग त्या म्हाताऱ्याचा आवाज बदलतो.

१९८० च्या प्रेक्षकाला तोपर्यंत ठाऊक नव्हतं की ज्याला आपण हसलो तोच गुरू आहे. ल्यूकबरोबर प्रेक्षकही तोंडघशी पडला. आता तुझ्या क्रमाने बघ. १९९९ च्या चित्रपटात हाच गुरू, योडा, परिषदेत गंभीर चेहऱ्याने बसलेला भेटतो. २००२ मध्ये तो तलवार घेऊन उड्या मारतो. तीन चित्रपट त्याला थोर म्हणून बघून झालं की मग दिव्यावरून भांडणारा योडा बघायचा? काय उरलं त्यात? फ्रँक ऑझने एका रबरी बाहुल्यात एवढा जीव ओतला, तो आपल्याला फसवण्यासाठी. तू फसायलाच तयार नाहीस.

आणि त्या लढाया! २००५ च्या चित्रपटात लाव्हाच्या नदीवर दोघं असे लढतात की डोळे ठरत नाहीत. त्याच्या पाठोपाठ १९७७ चा सामना लावलास की दोन माणसं सावकाश तलवारी टेकवताना दिसतील आणि तुला हसू येईल. चूक त्या चित्रपटाची नसेल, तुझ्या क्रमाची असेल. नावं मात्र चित्रपटाला ठेवशील.

बरं, तुझा तो कथेतल्या वर्षांचा रकाना. 'याविनच्या लढाईआधी ३२ वर्षे', 'याविनच्या लढाईनंतर ४ वर्षे'. मोठ्या हौसेने भरलायस. एक सांग, ही याविनची लढाई कुठली? कुठल्या चित्रपटात होते? १९७७ च्या. त्या विश्वाचं पंचांगच त्या चित्रपटापासून मोजलं जातं. शून्य तिथे आहे. तुझ्याच तक्त्यात उत्तर लिहिलेलं होतं आणि तुला दिसलं नाही.

महाभारत कुठून सुरू होतं? शंतनूपासून? नैमिषारण्यातल्या सत्रात सौती येतो, तो सांगतो जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाने सांगितलेली कथा. जनमेजय म्हणजे अर्जुनाचा पणतू. युद्ध कधीच होऊन गेलंय, जिंकलेले गेले, हरलेले गेले, आणि पणतू विचारतोय, माझ्या पूर्वजांचं काय झालं? आधी प्रश्न, मग कथा. आजीकडून ऐकताना तू 'आजी, कालानुक्रमे सांग' म्हणाला होतास का?

'रोग वन'चंही तेच. त्याचा शेवट १९७७ च्या सुरुवातीला येऊन भिडतो, म्हणून तुला तो आधी लावायचाय. हौशी लोक तसं लावतातही. पण त्या चित्रपटातला एक मोठा भाग म्हणजे एका जुन्या शंकेचं उत्तर आहे. एवढं महाकाय अस्त्र आणि त्यात इतकी ढोबळ खोट कशी राहिली? १९७७ पासून लोक ही शंका काढत आलेत, थट्टा करत आलेत. २०१६ मध्ये कोणीतरी उत्तर दिलं. तुला शंका यायच्या आधीच उत्तर ऐकायचंय? आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत त्या अंधाऱ्या बोळात जे होतं, ते अंगावर येतं कारण त्या काळ्या पोशाखातल्या माणसाच्या श्वासाचा आवाज आपण आधी ऐकलेला असतो. ज्याने ऐकलाच नाही त्याला तो कुठलातरी एक खलनायक.

आता तो 'मॅशेटी' क्रम. चार, पाच, मग मागे जाऊन दोन, तीन, आणि शेवटी सहा. पहिला भाग गाळायचा. एका अमेरिकन प्रोग्रॅमरने २०११ मध्ये सुचवला. डोकं लावून सुचवलाय, नाकारत नाही. 'एम्पायर'च्या शेवटी जो धक्का बसतो तो पचायला मध्ये भूतकाळ सांगायचा आणि मग उत्तराकडे यायचं, यात रचनेची समज आहे. नवख्यांसाठीच सुचवला होता, हेही खरं. पण तेव्हा मुख्य चित्रपट सहाच होते. नंतर आलेल्यांचा त्यात विचार असणार कुठून? आणि पहिला भाग गाळलास की दुसऱ्या भागात तो पोरगा आईसाठी जिवाच्या आकांताने धावतो, तेव्हा तुला ती आई कोण हे ठाऊक नसणार. निरोपाचा प्रसंग पहिल्यात आहे. क्रम सुचवणाऱ्याने सगळं बघितलं, तोललं, मग गाळलं. तू न बघता गाळणार. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची सवय लागलीय तुला.

हो, त्या १९९९ च्या चित्रपटाबद्दल परवा काय म्हणालास? 'टाकाऊ आहे, सर. जार जार बिंक्स!' बघितलायस? नाही. मग हे मत कुठून आलं? ऐकीव. तुझं स्वतःचं काय आहे त्यात? सुरुवातीलाच व्यापारमार्गांवरच्या कराचा वाद आहे, नवख्याला पहिल्या दिवशी जीएसटी शिकवल्यासारखं वाटतं, हे मला मान्य. म्हणून तर म्हणतो तिथून सुरू करू नकोस. पण त्यातली ती शर्यत बराच वेळ केवळ इंजिनांच्या आवाजांवर कशी पळते, ते कान देऊन ऐक. बेन बर्टचं काम आहे. शेवटच्या तिहेरी द्वंद्वाला जॉन विल्यम्सने जे संगीत दिलंय ते ऐक. त्यानंतर शिव्या दे. खुशाल दे. दोन मी पण देईन.

आणि तुझं शुद्धतेचं सोंग! 'मूळ आवृत्ती मिळाली तरच प्रकाशनाच्या क्रमाला अर्थ आहे.' व्वा! लुकसने १९९७ मध्ये जुन्या तिन्ही चित्रपटांत नवी दृश्यं आणि संगणकावरचे प्राणी घुसडले, ठाऊक आहे मला. १९७७ च्या चित्रपटातल्या त्या खानावळीत आधी गोळी कोणी झाडली यावर लोक अजून भांडतात. २०१९ मध्ये त्या झटापटीतल्या ग्रीडोच्या तोंडी आणखी एक शब्द घातला. १९८३ च्या चित्रपटाच्या अगदी शेवटी एक चेहरा येतो. तो सेबॅस्टियन शॉचा होता, २००४ च्या डीव्हीडीत तिथे हेडन क्रिस्टेनसेनला बसवलं. हेडन मालिकेत आला २००२ मध्ये! म्हणजे १९८३ चा चित्रपट आज ओटीटीवर लावलास तर त्यात नंतरचा माणूस आधीच येऊन उभा असतो. चीड येते, मलाही येते. त्यावरून शहाण्या माणसाने काय समजायचं? की शंभर टक्के शुद्ध क्रम घरबसल्या मिळायचा नाही, जो मिळतोय तो बघ. तू काय समजलास? की बरं झालं, आणखी एक कारण सापडलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

आता जरा मऊ बोलतो, पण तेवढ्यापुरतंच. तुझी भीती मला कळते. पहिल्यांदा बघणं एकदाच होतं. चुकीच्या क्रमाने बघितलं तर ते हातचं जाईल आणि परत मिळायचं नाही. ही भीती खोटी नाही. पण क्रम शोधण्याच्या नावाखाली तू जे वाचत सुटलास त्यात किती गुपितं फुटली, मोजलीस? क्रम पटवून देणारा प्रत्येक जण आधी सांगतो की अमुक ठिकाणी तमुक उघड होतं, म्हणून ते नंतर ठेवा. जे जपायला निघालास तेच रोज थोडं थोडं सांडतोयस. आणि गंभीर चेहरा करून म्हणतोस, 'सर, अभ्यास चालू आहे.'

तुझ्या धाकट्या बहिणीला विचार. तिला तू महिनोन् महिने थांबवून ठेवलंस. 'थांब, दादा क्रम लावतोय.' शेवटी ती कंटाळली आणि हाताला लागला तो लावला. २०१५ चा 'द फोर्स अवेकन्स'. सगळ्या तज्ज्ञांच्या मते चुकीचा. त्यात वाळूत रुतलेलं एक प्रचंड जहाज आहे आणि त्याच्या पोटात शिरून एक मुलगी भंगार गोळा करते. ते जहाज बघून तुझ्या बहिणीला पडला तो साधा प्रश्न, इथे कोण लढलं होतं? मग ती १९७७ कडे गेली. तिचं नुकसान झालं का? झालं. जुन्या चित्रपटांतला हॅरिसन फोर्ड त्या २०१५ च्या चित्रपटात आत पाऊल टाकतो तेव्हा जुन्या प्रेक्षकांचा ऊर भरून आला, ती मख्ख बसली. तो क्षण तिचा गेला तो गेलाच. पण परवा येऊन तिने मला विचारलं की ल्यूकने ते कॉम्प्युटरचं यंत्र बाजूला का सारलं, ते धाडस होतं की मूर्खपणा? आम्ही चहा गार होईपर्यंत वाद घातला. तुझ्याशी माझा आजवर काय वाद झाला? 'सोलो' आधी की नंतर!

'सोलो' कधीही बघ. आभाळ कोसळणार नाही.

मालिका, कार्टून, 'द क्लोन वॉर्स', 'अँडॉर', सगळं तू त्याच तक्त्यात कोंबलंयस. मारुतीचं शेपूट झालंय त्याचं. १९७७ च्या चित्रपटात क्लोन युद्धांचा उल्लेख जाता जाता होतो. एका म्हाताऱ्याच्या झोपडीत बसून बोलता बोलता, बस्स. २००२ पर्यंत ती युद्धं पडद्यावर कोणी दाखवली नव्हती. पाव शतक लोकांनी ती आपापल्या मनात लढली. ही मजा तुला नको, तुला रकाना भरलेला हवा. 'अँडॉर' उत्तम आहे, हे मीच तुला सांगितलं होतं. पण अकरा चित्रपट बघायला ज्याला जमेना त्याने मालिकांच्या गप्पा मारू नयेत.

लिहून घे. नको, लिहू नकोस, लिहिलंस की रंगवत बसशील. ऐक नुसतं. १९७७, १९८०, १९८३. मग १९९९, २००२, २००५. मग २०१५ पासून २०१९ पर्यंत जसे आले तसे, 'रोग वन' आणि 'सोलो' आपापल्या वर्षी मध्ये येतील. लुकस स्वतः आकड्यांप्रमाणे बघा म्हणतो. त्याचं दुसऱ्या वेळी ऐक. ज्या क्रमाने बनवणाऱ्यांना सुचत गेलं, चुकत गेलं, आधीचं झाकत आणि दुरुस्त करत गेले, त्याच क्रमाने तू बघ. शेवटच्या तिघांत तर ओढाताण उघडच दिसते. दिग्दर्शक एबरम्सने एक दिशा धरली, पुढच्या चित्रपटात जॉन्सनने ती वळवली, पुन्हा एबरम्स आला आणि त्याने ती परत ओढली. ती बघण्यातही गंमत आहे, पण आधीचं पोटात असेल तरच.

सांगायला किती वेळ लागला? एक मिनिट? हे तुला आधी ठाऊक नव्हतं असं माझ्या डोळ्यांत बघून म्हण. नाही ना म्हणवत?

जा आता. उद्या सुट्टी आहे, उशिरापर्यंत जागायला हरकत नाही. खोलीतला दिवा मालव, फोन आईच्या हातात दे आणि १९७७ चा लाव. दोन तासांचा आहे. काही मिनिटांतच एक दार फुटतं, पांढऱ्या बोळात धूर भरतो आणि त्या धुरातून एक काळा पोशाख आत येतो. तो कोण, कुठला, कोणाचा कोण, हे तिथे कोणीही तुला सांगणार नाही. उद्या सकाळी मला फोन करून एवढंच सांग, भीती वाटली की नाही. क्रमाबद्दल एक अक्षर काढलंस तर फोन ठेवून देईन.